साडेसात ते पावणेआठ : कोलंबिया आणि टीव्हीसमोरचे आपण

गेल्या वर्षी घर रंगवायला काढलं, तेव्हा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून २००३ सालच्या कालनिर्णयाचं फेब्रुवारीचं पान निघालं. आई जुनी कालनिर्णयं टाकत नाही, फळ्यांवर अंथरते. पान पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात तेलाच्या बरणीचा गोल डाग. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि १ तारखेच्या चौकोनात, शनिवार आणि अमावास्येच्या खाली, आईच्या बारीक अक्षरात: 'हे नाशिक.' वर समासात लाल पेनाने आणखी एक ओळ: 'केबल बंद. परीक्षा झाल्यावर चालू.'

ते पान घेऊन मी शिडीवरच बसून राहिले. कारण १ फेब्रुवारी २००३ ची संध्याकाळ माझ्या डोक्यात अगदी पक्की होती. मी आणि बाबा टीव्हीसमोर. बाबा खुर्चीत, हातात चहाचा कप. कल्पना चावला परत येणार म्हणून दहावीच्या वर्षातही मला अर्ध्या तासाची सवलत मिळालेली. निळ्या आकाशात एक पांढरी रेघ सरकत येते, तिच्या दोन होतात, मग चार, आणि बाबा कप खाली ठेवून म्हणतात, "काहीतरी बिनसलंय." ही गोष्ट मी वीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. कॉलेजात, ऑफिसात, एकदा तर भाचीच्या शाळेत विज्ञान दिनाला, माइक हातात घेऊन.

बाबा नाशिकला होते. केबल बंद होती.

आईला विचारलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, तू क्लासहून आलीस नऊ वाजता. वरच्या काकूंनी जिन्यातूनच हाक मारली, तिकडे पाहिलंस तू. ह्यांना तर दुसऱ्या दिवशी स्टँडवर पेपर घेतल्यावर कळलं." तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता.

मग मी त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडायला बसले. कोलंबियाच्या अपघाताच्या चौकशी मंडळाचा अहवाल जाहीर आहे, नियंत्रण कक्षातलं संभाषण जाहीर आहे, वेळा सेकंदांपर्यंत दिलेल्या आहेत. त्या दिवशी 'लाइव्ह' म्हणून नेमकं काय दिसलं आणि कुणाला, एवढंच मला पाहायचं होतं. पाहता पाहता प्रकरण दुसरीकडेच वळलं.

सतरा मिनिटं

कोलंबिया हे नासाच्या ताफ्यातलं सगळ्यात जुनं शटल. पहिलं उड्डाण १२ एप्रिल १९८१ ला. २००३ चं त्याचं अठ्ठाविसावं. मोहिमेचं नाव एसटीएस-१०७. १६ जानेवारीला सातजण वर गेले: कमांडर रिक हसबंड, वैमानिक विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन आणि आपली कल्पना चावला. कर्नालची मुलगी, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८२ साली पदवी घेऊन अमेरिकेला गेलेली, १९९७ मध्ये एकदा अंतराळात जाऊन आलेली. मोहीम निव्वळ प्रयोगांची होती, अंतराळ स्थानकाशी तिचा संबंध नव्हता. कोलंबियाची कक्षाही अशी, की तिथून स्थानकापर्यंत जाणं शक्य नव्हतं. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

उतरण्याची वेळ फ्लोरिडातली सकाळी ९.१६. आपल्याकडे संध्याकाळचे ७.४६. यापुढच्या वेळा मी आपल्याच घड्याळाने देते, कारण मला त्या आमच्या घराशी ताडून पाहायच्या होत्या.

६.४५ ला हिंदी महासागरावर असताना यानाने इंजिनं पेटवून वेग कमी केला. ७.१४ ला ते वातावरणाच्या वरच्या थराला भिडलं. ७.२३ ला कॅलिफोर्नियाचा किनारा ओलांडला. तिथे अजून पहाटेचा अंधार होता आणि काही हौशी मंडळी कॅमेरे लावून अंगणात उभी होती. त्यांच्या चित्रफितींमध्ये यानामागच्या झगझगीत शेपटीतून मधूनच एखादा ठिपका सुटून मागे पडताना दिसतो. त्या क्षणी त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही. एखाद्याला तर ते आणखी छान वाटलं असेल.

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात ७.२४ ला यांत्रिक प्रणाली पाहणाऱ्या जेफ क्लिंगनी सांगितलं, की डाव्या बाजूच्या हायड्रॉलिकचे चार तापमान-संवेदक गेले. तापमान वाढल्याचं त्यांनी दाखवलं नाही, ते नुसतेच बंद पडले. उड्डाण संचालक लेरॉय केन (कक्षात त्यांना नुसतं 'फ्लाइट' म्हणत) यांनी लगेच विचारलं, या चारांत काही समान आहे का? उत्तर आलं, नाही.

या प्रश्नोत्तरापाशी मी बराच वेळ अडले. प्रश्न अचूक होता. उत्तरही आकृतीनुसार बरोबर होतं: चारही संवेदक वेगवेगळ्या कामांचे. त्यांच्यात समान होत्या त्या फक्त तारा. पंखातून एकाच वाटेने जाणाऱ्या तारांचे जुडगे, आणि त्या वाटेवर पंखाच्या पुढच्या कडेतल्या भोकातून तप्त वायू आत शिरून ते जाळत चालला होता. घरातला पंखा, ट्यूब आणि फ्रिज एकदम बंद पडले तर आपण तिन्ही उघडून बसत नाही, मीटरकडे जातो. पण ह्यूस्टनच्या पडद्यांवर उपकरणं दिसत होती. भिंतीतून तार कुठून गेली आहे ते दिसत नव्हतं.

७.२९ ला डाव्या चाकांच्या टायरच्या दाबाचे आकडे गेले. यानाशी बोलणारे चार्ल्स होबॉ म्हणाले, "कोलंबिया, ह्यूस्टन. टायरच्या दाबाचे संदेश आम्हाला दिसले. तुमचं शेवटचं बोलणं कळलं नाही." त्यावर हसबंडचा आवाज आला, "रॉजर, अं..." आणि शब्द अर्ध्यावर तुटला. ७ वाजून २९ मिनिटं ३२ सेकंद. यान तेव्हा टेक्सासवर, साधारण ६१ किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या अठरापट वेगाने चाललं होतं.

त्यानंतर जे थेट दिसलं त्याचं रेकॉर्डिंग मी तीनदा पाहिलं. त्यात काहीच घडत नाही. एक खोली, टेबलांमागे बसलेली माणसं, समोरच्या मोठ्या नकाशावर टेक्सासपाशी यानाची खूण. "कोलंबिया, ह्यूस्टन, कॉम चेक." म्हणजे, ऐकू येतंय का. थोडं थांबून पुन्हा तेच. आवाज चढत नाही, कुणी उठत नाही. संपर्क तुटणं म्हणजे संकट, असं त्या कक्षात कुणी एकदम समजत नसे; उतरताना यान कुशीवर कलतं, अँटेना आड येते, बोलणं तुटतं. तोवर फ्लोरिडाच्या रडारवर यान दिसायला हवं होतं. केननी विचारलं, ते कधी अपेक्षित आहे?

"एक मिनिटापूर्वी, फ्लाइट."

अख्ख्या संभाषणात मला याहून भयंकर वाक्य सापडलं नाही. आणि त्यात एकही भयंकर शब्द नाही.

त्याच सुमारास टेक्सासमध्ये लोकांच्या खिडक्यांची तावदानं थडथडत होती. कुणाला वाटलं रेल्वेचा अपघात झाला, कुणाला वाटलं गॅसची वाहिनी फुटली. डॅलसच्या डब्ल्यूएफएए वाहिनीचा छायाचित्रकार यान डोक्यावरून जातानाची छान दृश्यं मिळतील म्हणून कॅमेरा घेऊन उभा होता. त्याच्या भिंगातून ती रेघ आली, आणि तिच्या अनेक झाल्या. माझ्या डोक्यात आहे ते चित्र बहुधा त्याचंच. जगभरच्या वाहिन्यांवर ते पोचलं काही मिनिटांनी आणि नंतर दिवसभर फिरत राहिलं.

आणि ७.४२ च्या सुमाराला नियंत्रण कक्षातल्या एकाला बाहेरून फोन आला: टीव्हीवर यानाचे तुकडे पडताना दाखवतायत. पृथ्वीवर त्या यानाविषयी सगळ्यात जास्त माहिती ज्या खोलीत होती, त्या खोलीला बातमी कळली टीव्ही पाहणाऱ्या माणसाकडून. केन क्षणभर गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "दारं बंद करा." म्हणजे कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही, फोन नाहीत, समोर असलेली प्रत्येक नोंद जशीच्या तशी जपायची. अपघाताच्या नियमावलीतली ती पहिली आज्ञा.

फ्लोरिडाच्या धावपट्टीजवळ नातेवाईक उभे होते. शटल उतरण्याआधी तीन-चार मिनिटं आकाशात दोन धडाके ऐकू येत, ध्वनीचा वेग ओलांडून खाली येणाऱ्या यानाचे. जाणती माणसं घड्याळाऐवजी कानांवर विसंबत. त्या सकाळी धडाके झाले नाहीत. नासाचे प्रमुख शॉन ओकीफ तिथेच होते. घड्याळात ९.१६ झाले, आकाश निरभ्र होतं.

आपल्या पडद्यावर

कर्नालच्या टागोर बालनिकेतनमध्ये, कल्पनाच्या शाळेत, मुलं जमली होती ती आनंद साजरा करायला. तिच्यामुळे त्या शाळेतली दोन मुलं दर वर्षी उन्हाळ्यात नासा पाहायला जात. शहरात तिला नुसतं नावाने ओळखत नसत, ती तिथल्या लोकांची होती. तिथे जे झालं त्याची दृश्यं नंतर आपल्या वाहिन्यांनी इतक्या वेळा दाखवली, की ती पाहणं नको झालं. नाचायला आलेल्या मुलांच्या तोंडासमोर माइक धरून 'तुला कसं वाटतंय' विचारायची आपल्या वृत्तवाहिन्यांची रीत तेव्हा नवीन होती. आता सवयीची झाली आहे.

अमेरिकेत शनिवारची सकाळ. शटलची ही एकशे तेरावी मोहीम, त्यामुळे उतरणं ही काही खास बातमी राहिलेली नव्हती. बातमी फुटल्यावर मात्र पहिल्या तासाभरात पडद्यावर माहिती थोडी आणि वेळ भरपूर अशी गत झाली. यानात इस्रायलचा लढाऊ वैमानिक, ११ सप्टेंबरला जेमतेम सतरा महिने झालेले, तेव्हा घातपाताची शंका निघणारच. अमेरिकी अधिकाऱ्यांनी लवकरच तसं काही लक्षण नसल्याचं सांगितलं. एकसष्ट किलोमीटर उंचीवर जमिनीवरून कोण काय मारणार? पुढच्या काही महिन्यांत ई-मेलवर स्फोटाचे रंगीत फोटो फिरू लागले, 'इस्रायली उपग्रहाने टिपलेले' म्हणून. मलाही आले होते, आणि मी ते पुढे पाठवले होते. ती एका हॉलिवूडच्या चित्रपटातली दृश्यं निघाली. खऱ्या चित्रात फक्त निळ्यावर पांढऱ्या रेघा होत्या, आणि माणसाला बहुतेक तेवढं पुरलं नाही.

आमच्या इमारतीत एका आजोबांनी अमावास्येला बोल लावला. मौनी अमावास्या, प्रवास टाळायचा दिवस. काकूंकडच्या त्या गर्दीत हे वाक्य मी ऐकलंय, याची मला खात्री आहे. म्हणजे होती. आता कशाचीच देत नाही.

आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, १२.३४ ला, राष्ट्राध्यक्ष बुश टीव्हीवर आले आणि कोलंबिया गेलं, कुणी वाचलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. चार दिवसांनी पंतप्रधान वाजपेयींनी आपल्या हवामान उपग्रह मेटसॅटचं नाव कल्पना-१ केलं.

न काढलेलं छायाचित्र

इथवर हे एका अपघाताच्या बातमीचं प्रकरण आहे. पण तारखा मागे नेल्या, की त्याचा चेहरा बदलतो.

१६ जानेवारीला उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या नारिंगी इंधन-टाकीवरचा फोमचा एक तुकडा निखळला आणि डाव्या पंखावर आदळून त्याची भुकटी उडाली. वजन पाऊण किलोच्या आसपास. फोम म्हणजे डोळ्यांसमोर थर्माकोल आणा. त्याने पंखाला काय होणार, असं कुणालाही वाटेल. पण हलकं असणं हीच इथे गोम होती. हलका तुकडा हवेत सुटताच झपकन मंदावतो, आणि मागून यान ताशी साडेआठशे किलोमीटरच्या फरकाने त्याच्यावर येऊन धडकतं. तुकडा यानावर पडला, यापेक्षा यान तुकड्याला धडकलं म्हणणं जास्त बरोबर.

दुसऱ्याच दिवशी उड्डाणाच्या चित्रफिती तपासणाऱ्यांना हे दिसलं. चांगल्या कोनातला एक कॅमेरा नेमका नीट फोकस झालेला नव्हता. एवढा मोठा तुकडा पूर्वी पाहिल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी मागणी केली: लष्कराकडे अंतराळातल्या वस्तूंची छायाचित्रं घेण्याची साधनं आहेत, त्यांना त्या पंखाचा फोटो काढायला सांगा.

अशा वेगवेगळ्या तीन मागण्या झाल्या. ह्यूस्टनचे अभियंता रॉडनी रोशा यांनी २१ जानेवारीला ई-मेलमध्ये लिहिलं, बाहेरच्या संस्थेची मदत मागता येईल का, हवं तर भीक मागू. एक मागणी लष्करापर्यंत पोचून तिच्यावर कामही सुरू झालं होतं. २२ तारखेला मोहीम व्यवस्थापन चमूच्या प्रमुख लिंडा हॅम यांनी 'ही मागणी नक्की कुणाची' याची चौकशी केली, अधिकृतपणे कुणीच आपली म्हणेना, आणि ती रद्द झाली. नव्वद मिनिटांत सगळं आटोपलं. तुकडा लागला असला तरी वर असताना आपण फारसं काही करू शकत नाही, असं त्या आदल्या दिवशीच्या बैठकीत म्हणून चुकल्या होत्या.

रोशांनी त्या दिवशी आणखी एक ई-मेल लिहिला. हे उत्तर चुकीचं आहे, बेजबाबदारपणाकडे झुकणारं आहे. 'सुरक्षित नसेल तर तसं सांगा' असे फलक आपल्या भिंतींवर लावलेत ते आठवतात का. हो, हे तितकंच गंभीर आहे. त्यांनी तो छापला, एका सहकाऱ्याला दाखवला, आणि पाठवला नाही.

सरकारी किंवा मोठ्या खासगी कचेरीत काम केलेल्या कुणालाही हा न पाठवलेला ई-मेल ओळखीचा वाटेल. वरच्याच्या डोक्यावरून पत्र गेलं की त्यातला मजकूर बाजूला राहतो आणि ते पाठवलं कुणी यावर बैठक होते. माझ्या ड्राफ्टमध्येही असे दोन पडून आहेत. फरक इतकाच, की माझ्या ई-मेलच्या टोकाला कुणी कक्षेत फिरत नव्हतं.

२३ जानेवारीला यानातल्या हसबंड आणि मॅककूलना जमिनीवरून निरोप गेला: तज्ज्ञांनी चित्रफिती पाहिल्या आहेत, पंखाच्या कडेबद्दल किंवा उष्णतेपासून यानाला वाचवणाऱ्या फरशांबद्दल काळजी नाही, असं आधीच्या मोहिमांतही झालेलं आहे, परतीबद्दल मुळीच चिंता नाही. पत्रकारांनी विचारलंच तर माहीत असावं म्हणून हा निरोप होता.

असं आधी झालं होतं, हे खरंच होतं. तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००२ मध्ये, अटलांटिस या दुसऱ्या शटलच्या उड्डाणात टाकीच्या त्याच भागातला फोम सुटून बूस्टरच्या, म्हणजे बाजूच्या रॉकेटच्या, तळाशी आदळला होता. ते यान सुखरूप परतलं, म्हणून कागदावर ती गंभीर बाब ठरली नाही. त्या दिवसांत नासामध्ये एक स्क्रीनसेव्हर वाटलेला होता: १९ फेब्रुवारी २००४, अंतराळ स्थानकाचा महत्त्वाचा भाग वर नेण्याची ठरलेली तारीख, आणि तिच्याकडे सेकंदासेकंदाने उतरणारे आकडे. मोहीम व्यवस्थापन चमूने रोज भेटावं असा दंडक होता. सोळा दिवसांत बैठका झाल्या पाच. मध्ये एक जोडसुट्टी आली.

फोटो काढला असता तर काय झालं असतं? अ‍ॅडमिरल हॅरॉल्ड गेहमन यांच्या चौकशी मंडळाने हाही प्रश्न नासाकडून सोडवून घेतला. स्थानकाचा आसरा घेणं शक्य नव्हतं, पण अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होतंच होतं. सगळी घाई करून ते या सातजणांना आणायला १० फेब्रुवारीच्या सुमाराला सोडता आलं असतं. वरच्या सातजणांनी हालचाल कमी ठेवून श्वास जपून वापरला असता, तर १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरता आला असता. कठीण, पण शक्य, असा निष्कर्ष निघाला. 'काही करता येणार नाही, मग बघायचं कशाला' या वाक्याचा पाया असा ढासळतो. बघितल्याशिवाय करता येणार नाही हे ठरवलं कुणी?

अपघातानंतर चारच दिवसांनी शटल कार्यक्रमाचे प्रमुख रॉन डिटेमोर पत्रकारांना सांगत होते, की फोमच्या तुकड्यानं हे झालं असेल हे आम्हाला पटत नाही. ते काही लपवत होते असं मला वाटत नाही. खरोखरच पटत नव्हतं. म्हणून ७ जुलैला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एका हवेच्या तोफेतून तसाच फोमचा तुकडा तितक्याच वेगाने पंखाच्या खऱ्या कडेवर, आठव्या क्रमांकाच्या तुकड्यावर, डागला. करड्या कार्बनमध्ये चाळीसएक सेंटीमीटरचं भगदाड पडलं. त्यातून माणसाचं डोकं आत गेलं असतं. जमलेल्यांच्या तोंडून श्वास निघाल्याचा आवाज झाला.

पूर्व टेक्सासच्या पाइनच्या जंगलांतून हजारो माणसांनी हातात हात धरल्यासारख्या रांगा करून चालत यानाचे सुमारे ८४,००० तुकडे गोळा केले होते. वजनाने यानाचा ३८ टक्के भाग. १९ मार्चला हेम्फिलजवळ माहिती नोंदवणारी पेटीही मिळाली, आणि तिच्यातली फीत वाचता आली. कुठला संवेदक कुठल्या क्रमाने गेला, ते त्यातून कळलं. अंगणात उभ्या राहिलेल्या हौशी लोकांच्या चित्रफिती एकापुढे एक लावून, कोणता ठिपका कुठे सुटला, याचा नकाशा झाला. म्हणजे त्या शनिवारी कॅमेऱ्यांची उणीव अजिबात नव्हती. कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत ते रोखलेले होते. फक्त पंधरा दिवस उशिरा.

मग मी काय पाहिलं?

चॅलेंजर या आणखी एका शटलचा अपघात याच्या सतरा वर्षं आणि चार दिवस आधीचा. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंद. तो खऱ्या अर्थाने थेट दिसला, पण समजतो तितक्यांना नव्हे. बड्या अमेरिकी नेटवर्कांना शटल उड्डाणांचं अप्रूप उरलं नव्हतं. सीएनएन दाखवत होतं, आणि क्रिस्टा मॅकॉलिफ ही शिक्षिका वर जाणार म्हणून नासाने शाळांसाठी उपग्रहावरून सोय केली होती. मुलांनी वर्गात बसून पाहिलं ते यामुळे. बाकी देशाने पाहिलं ते पुनःप्रक्षेपण. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात उलरिक निसर या मानसशास्त्रज्ञाने १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय करत होतात. अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. सातपैकी सरासरी गुण तीनसुद्धा भरले नाहीत. अकराजणांना शून्य. मित्राकडून, वर्गात ऐकलेली बातमी कित्येकांच्या आठवणीत टीव्हीसमोर जाऊन बसली होती. त्यांची खात्री मात्र कमी झालेली नव्हती. त्यांच्याच अक्षरातला जुना कागद पुढे ठेवला, तरी काहींना तो खोटा वाटला.

माझ्याकडे माझ्या अक्षरातला कागद नाही, आईच्या अक्षरातला आहे. तो खोटा म्हणायची माझी हिंमत नाही. बाबांचं "काहीतरी बिनसलंय" कुठून आलं, ते शोधायचा प्रयत्न केला. बहुतेक ते काकूंच्या यजमानांचं असावं. किंवा टीव्हीवरच्या निवेदकाचं. किंवा बाबा खरंच म्हणाले असतील, दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी, मिक्सरबद्दल. बाबा आता नाहीत, विचारायची सोय नाही. पण खुर्ची, कप, ती सवलत, हे सगळं मी इतक्या काळजीने मांडलं होतं, की आता उचलताना जड जातं.

अडीच वर्षांनी शटल पुन्हा उडालं. डिस्कव्हरी, कमांडर आयलीन कॉलिन्स. या वेळी नियम ठरला होता: स्थानकाला जोडण्याआधी यानाने खालच्या बाजूला सावकाश एक पूर्ण कोलांटी घ्यायची, आणि स्थानकातल्या दोघांनी खिडकीतून त्याच्या पोटाच्या फरशान् फरशीचे फोटो काढायचे. न काढलेल्या छायाचित्राचं हे उत्तर. उड्डाणात पुन्हा टाकीचा एक मोठा तुकडा निघालाच होता, पण तो कशाला लागला नाही, हे या वेळी नजरेने पाहून सांगता आलं. ती कोलांटी मला लाइव्ह पाहायची होती. वर्तमानपत्रातली वेळ कापून टीव्हीच्या कडेला चिकटवून ठेवली होती.

उड्डाण झालं २६ जुलै २००५ ला, आपल्याकडे रात्री आठच्या सुमाराला. त्या रात्री कल्याणमध्ये आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. दिवे दुपारीच गेले होते. टीव्ही आम्ही आधी पलंगावर, मग पलंगावरच्या टेबलावर चढवला आणि शेवटी वरच्या काकूंकडे नेऊन ठेवला. २८ तारखेला डिस्कव्हरीने कोलांटी घेतली तेव्हा मी फिनाइलच्या पाण्याने भिंती पुसत होते. फडताळाच्या खालच्या तीन फळ्या फुगून निघाल्या. वरची तेवढी कोरडी राहिली.